मुलीच्या दारूपायी नातवंडांची आबाळ. ताबा मागता येईल का?

प्रश्न : मुलगी हडपसरला राहते. दोन वर्षांपूर्वी जावई गेले, तेव्हापासून ती रोज पिते. आठ वर्षांची नात कुकर लावते, धाकट्याला भरवते, शाळा बुडते. नातू साडेतीन वर्षांचा, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. नातेवाईक म्हणतात, मुलीकडून स्टँपवर लिहून घ्या आणि मुलांना तासगावला आणा. काय करू?

उत्तर : त्या स्टँपपेपरवर पैसे घालवू नका. नोटरी केली तरी तेवढ्याने तुम्ही पालक होत नाही. वडिलांमागे आईच नैसर्गिक पालक. 'पालक आणि पाल्य कायदा, १८९०' सांगतो, की आई हयात असताना ती अयोग्य आहे असं न्यायालयाला पटलं तरच दुसरा पालक नेमता येतो. अर्ज मुलं राहतात तिथे, म्हणजे पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात. मुलांना गुपचूप गावी नेऊन तिथे अर्ज करण्याची युक्ती बहुधा अंगलट येते.

आता पुराव्याचं. मुलीचे झिंगलेले व्हिडिओ काढत बसू नका. नुसत्या पिण्यावरून कुणी आई अयोग्य ठरत नाही. मुलांचं काय झालंय ते दाखवावं लागतं. नातीचा हजेरीपट, वर्गशिक्षिकेचं पत्र, शेजारणीची साक्ष. 'किती शहाणी पोर' म्हणून तिचं कौतुक होत असेल, पण आठव्या वर्षी घर चालवणं हीच तर आबाळ. न्यायालयाचे समुपदेशक तिच्याशी बोलतील. तिला पढवू नका, पढवलेलं लगेच कळतं. नातवाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आधी कान तपासून घ्या. त्याच्याशी दिवसभर कुणी बोलतच नाही, असंही असेल. गरोदरपणी मुलगी पीत होती का, तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. तो अहवाल न्यायालयात लागेल.

मुख्य निकालाला वेळ लागतो, म्हणून याच कायद्याच्या कलम १२ खाली तात्पुरता ताबा सोबतच मागा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मुलं रात्री एकटी असल्याचं कळलं तर तारखेची वाट न पाहता १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

मुलीसाठी पुण्यातच मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा 'निशिगंध' हा स्त्रियांचा विभाग आहे. ताब्याचा आदेश पुढे बदलून घेता येतो. तेव्हा ती उपचार घेऊन सावरली की मुलं तिच्याकडे परत देण्यास माझी हरकत नाही, हे वाक्य अर्जात तुम्हीच घाला.