साडभावाच्या कर्जाला जामीन राहू का?

मानेवाड्याहून एका शिक्षकांनी विचारलंय: साडभाऊ इतवारीतल्या दुकानासाठी सहकारी बँकेतून ८ लाखांचं कर्ज काढताहेत, १२ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी. जामीनदार मी व्हावं म्हणतात. पैसे तर तेच भरणार, माझी फक्त सही. पगार हातात ५८ हजार येतो. पुढच्या वर्षी मलाही घरकर्ज घ्यायचंय, हप्ता २२ हजारांच्या आसपास. करू का?

सर, प्रश्नातला 'फक्त' खोडून तो पुन्हा वाचा.

'अमक्याला जामीन मिळाला' असं पेपरात रोज वाचून हा शब्द म्हणजे सुटका, असं डोक्यात बसलंय. पण कोर्टातही कुणीतरी मागे उभा असतो. आरोपी तारखेला आला नाही, तर हमीची रक्कम भरायची पाळी त्याच्यावर येते. मूळ अरबी-फारसी शब्दाचा अर्थच हमी घेणारा. आपल्याकडे 'जमानत घेतली' म्हणतात, तेच हे.

१८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. 'आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या' ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६८मध्येच ते सांगून टाकलंय. आणि वसुली निघाली की दुकानदारापेक्षा पगारदार माणूस सापडायला सोपा. तुमची सही हवी आहे ती म्हणूनच.

त्यांचा हप्ता साधारण १७,८०० बसतो. तो तुमच्यावर आला आणि वर घरकर्जाचे २२ हजार, तर घरखर्चाला उरतात १८,२००. शिवाय घरकर्ज देणारी बँक ही जमानत तुमच्या खात्यावर धरू शकते.

म्हणून माझं मत: पूर्ण रकमेला जामीन राहू नका. 'वेगळं लिहिलं नसेल तर' हे चार शब्द कामाचे आहेत. २ लाखांपुरतीच हमी, असं करारात लिहून घ्यायला बँक तयार असेल तर विचार करा. बहुतेक नसेल. मग त्यांना सोनं किंवा घर तारण ठेवायला सांगा, आणि बुडाले तरी झोप उडणार नाही एवढे, समजा लाखभर, तुमच्याकडून उसने द्या. कर्ज एकदा उचललं की जामिनातून मनानं बाहेर पडता येत नाही. भरलेले पैसे त्यांच्याकडून वसूल करायचा हक्क कायदा देतो, पण साडभावावर दावा लावणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

बायकोच्या बहिणीचं घर आहे, नाही म्हणणं जड जाईल, ठाऊक आहे. रविवारी तिकडे जाण्याआधी वहिनींना तो १८,२००चा आकडा तेवढा दाखवा.