फवारणी करतो, पण वही ठेवतो

(घरच्या बागेतल्या द्राक्षांची सेंद्रिय वाईन करणाऱ्या कुटुंबातल्या सूनबाईंकडे आम्ही वाचकांचे प्रश्न पाठवले होते. त्यांनी दिलेली ही उत्तरं.)

प्रश्न : बाग सेंद्रिय म्हणता, मग पानांवर निळसर डाग कसले? फवारणी करता का?

करतो, लपवायचं काय त्यात! तो मोरचूद आहे, चुन्यात कालवलेला. बोर्डो मिश्रण म्हणतात ते हेच. सेंद्रिय म्हणजे हात बांधून बसणं असं लग्नाआधी मलाही वाटायचं. तसं बसलं तर पावसाळी हवेत केवडा नावाचा वेलींचा रोग पानं आणि कोवळे घड दोन्ही घेऊन जातो.

या औषधाचा जन्म मोठा गमतीचा. १८७८ साली केवडा अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला. बोर्दोजवळच्या मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. हेतू एवढाच की, येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत. बाकीच्या वेली झडल्या आणि नेमक्या याच हिरव्या राहिलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना दिसल्या. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली.

पण मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं कुजत नाही. वरच्या थरात साचत राहतं, गांडुळांना बाधतं. म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. आमचे सासरे, आबा, त्यासाठी वेगळी वही ठेवतात. प्रत्येक फवारणीत किती ग्रॅम तांबं गेलं ते पेन्सिलीने लिहितात आणि बेरीज मात्र शाईने. फुटवा १० सेंटिमीटर, तापमान १० अंश आणि एकदोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस. तिन्ही जुळलं की केवड्याची पहिली लागण होऊ शकते, तशी चिन्हं दिसेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. तांबं पानाच्या आत शिरत नाही, नुसतं वर बसतं. म्हणून पाऊस येण्याआधी मारावं लागतं आणि जोराचा पाऊस झाला की धुऊन जातं. आबांची अर्धी चिडचिड या धुऊन जाण्यावर असते. औषध कमी लागावं म्हणून घडांभोवतीची पानं आम्ही हातांनी काढतो, वारा खेळला की ओल टिकत नाही. फार कंटाळवाणं काम आहे, मान धरते.

प्रश्न : सेंद्रिय वाईनमध्ये सल्फाइट नसतं, त्यामुळे डोकं दुखत नाही. खरं का?

दोन्ही अर्धवट. सल्फाइट म्हणजे वाईन बिघडू नये म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग. आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, त्यामुळे शून्य जवळपास कधीच नसतं. युरोपात २०१२ पासून सेंद्रिय वाईनचे वेगळे नियम आहेत. साखर न उरलेल्या लाल वाईनला लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा, सेंद्रिय नसलेल्या लाल वाईनला ती १५०. पांढरीला १५० आणि २००. अमेरिकेत मात्र 'सेंद्रिय वाईन' म्हणायचं तर वरून सल्फाइट घालता येत नाही. म्हणजे लेबलावरचा शब्द एकच, अर्थ दोन. दम्याच्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो, ते खरं. डोकेदुखीचा दोष त्याच्या माथी मारण्याआधी किती ग्लास झाले ते मोजा. सुक्या जर्दाळूत सल्फाइट याच्या कितीतरी पट असतं.

मीही एकदा हट्टाने एक टाकी बिनसल्फाइटची ठेवली होती. द्राक्षं जास्त पिकलेली, सामू (पीएच) ३.८ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी, आणि टाकी काठोकाठ भरलेली नाही, वर वीतभर हवा. काही आठवड्यांत झाकण उघडलं तर नेलपॉलिशचा वास. नणंदेने ग्लास माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं. आता टाकी काठोकाठ भरतो, तळघर थंड ठेवतो आणि बाटली भरताना मोजून थोडं सल्फाइट घालतो.

प्रश्न : यीस्ट विकतचं वापरता का?

नियमात चालतं, आम्ही वापरत नाही. तोडणीच्या पाचसहा दिवस आधी थोडे निरोगी घड चुरून ठेवतो. ते नीट फसफसलं की मोठ्या टाकीत, विरजण लावावं तसं. वास बिघडला तर ते सरळ ओतून द्यायचं, जीव अडकवायचा नाही.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे सापडले.

काच नाही. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, थंडीत खाली बसतात. ग्लासात हळू ओता.

प्रश्न : घरातलेच सगळे राबता, भांडणं होत नाहीत?

तोडणीची तारीख ठरवताना दरवर्षी होतात. नणंद रसातली साखर मोजते, आबा मणी चावून बी बघतात, मी हवामान बघते. गेल्या हंगामात साखर पुरेशी झाली होती. आबा म्हणाले, बी अजून हिरवी आहे, दोन दिवस थांबा. थांबलो, आणि दुसऱ्याच रात्री पाऊस आला. आबा तीन दिवस आमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. ती वाईन अजून पिंपात आहे. पंधरवड्याने पिंपं वरपर्यंत भरायला मी खाली उतरले की तेही मागून येतात, एक घोट घेतात, आणि काही न बोलता वर जातात.