प्लेफील्डखालच्या वायरिंगची सुरुवात बिजागरीपासून करा

पिनबॉल यंत्राचे वायरिंग उलगडण्यापूर्वी प्लेफील्ड, म्हणजे ज्यावर चेंडू फिरतो तो फळा, पूर्ण उभे करून बिजागरीजवळ वायरींना किती ढील लागते, ते सुतळीने मोजून घ्यावे. तेथे वायरींचा जुडगा ताणला गेला की सोल्डरचे सांधे तुटू लागतात. फ्लिपरच्या (चेंडू टोलवणाऱ्या दांडीच्या) कॉइलमधून क्षणभर मोठा प्रवाह वाहतो आणि अनेक यंत्रांत तेथे ५० व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून त्या वायरी स्विच मॅट्रिक्सच्या, म्हणजे चेंडू कोठे लागला ते कळवणाऱ्या स्विचांच्या जाळ्याच्या, वायरींपासून दूर न्याव्यात व ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनातच ओलांडाव्यात, अन्यथा चेंडू न लागताही गुण वाढू शकतात. वायरी बांधायचे टाय मात्र शेवटीच आवळावेत. माझे पहिले वायरिंग देखणे होते, पण एक कॉइल बदलताना सारे कापावे लागले.