वाचकांचे प्रश्न : जुना लार्ज फॉरमॅट कॅमेरा आणि जवळून छायाचित्रण

प्रश्न : माझ्याकडे ४×५ इंची फिल्मचा जुना लाकडी कॅमेरा आणि १५० मिलिमीटरची लेन्स आहे. दूरची दृश्ये उत्तम येतात, पण सुकलेल्या शेंगा व बिया जवळून टिपल्या की निगेटिव्ह नेहमी पातळ, म्हणजे फिकट येते. हातातला लाइट मीटर तपासून घेतला आहे, तो अचूक आहे. मग दोष शटरचा असेल का?

उत्तर : शटरचा दोष असण्याची शक्यता कमी आहे. जुने शटर बिघडते तेव्हा ते बहुधा मंदावते, आणि मंदावलेल्या शटरमुळे निगेटिव्ह पातळ नव्हे, तर दाट येते. खरे कारण भात्याच्या, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घडीच्या पिशवीच्या लांबीत आहे. लेन्सवर कोरलेले, छिद्र किती उघडे आहे ते सांगणारे एफ-आकडे दूरवर फोकस केलेले असतानाच खरे ठरतात. वस्तू जवळ आली की फोकससाठी लेन्स फिल्मपासून लांब न्यावी लागते, आणि तोच प्रकाश अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरल्यामुळे फिल्मच्या प्रत्येक भागाला तो कमी मिळतो. हातातल्या मीटरला याचा पत्ता नसतो.

हिशेब सोपा आहे. लेन्सपासून फिल्मपर्यंतच्या अंतराला लेन्सच्या फोकल लेंग्थने (तुमच्याकडे १५० मिलिमीटर) भागावे आणि उत्तराचा वर्ग करावा. तितक्या पटीने एक्सपोजर वाढवावे. तुमच्या लेन्सचे हे अंतर २२५ मिलिमीटर झाले, तर शेंग फिल्मवर निम्म्या आकाराची येते आणि सव्वादोन पट, म्हणजे एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) किंचित जास्त प्रकाश लागतो. अंतर ३०० मिलिमीटर झाले की शेंग मूळ आकारात उमटते आणि चौपट, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप द्यावे लागतात.

मला स्वतःला याहून भरवशाचा वाटतो तो पट्टीचा मार्ग, कारण जुन्या लेन्सच्या नळीत नेमके कुठून मोजायचे याचा घोळ त्यात होत नाही. फोकस झाल्यावर शेंगेच्या जागी मिलिमीटरची पट्टी उभी करावी आणि तिचे दहा मिलिमीटर कॅमेऱ्यामागच्या, प्रतिमा दाखवणाऱ्या दुधी काचेवर किती लांब दिसतात ते मोजावे. ते पाच भरले, तर प्रमाण अर्धे. त्यात एक मिळवून वर्ग केला की तेच सव्वादोन हाती येते.

पुढची पायरी बरेच जण विसरतात. मीटरने अर्धा सेकंद सांगितला आणि प्रमाण एकास एक (वस्तू मूळ आकारात) असेल, तर एक्सपोजर दोन सेकंदांचे होते. पण एवढ्या लांब एक्सपोजरला बहुतेक फिल्म पूर्ण प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे फिल्मच्या माहितीपत्रकातील तक्त्याप्रमाणे त्यात आणखी भर घालावी लागते. आधी भात्याची दुरुस्ती आणि मग फिल्मची, हा क्रम बदलू नये.

प्रश्न : जवळच्या वस्तूवर फोकस करताना लेन्स पुढे-मागे केली की प्रतिमा लहान-मोठी होते, पण नीट स्पष्ट होतच नाही. असे का होते?

उत्तर : लेन्स हलवली की तिचे वस्तूपासूनचे आणि फिल्मपासूनचे, अशी दोन्ही अंतरे एकदम बदलतात. एकास एक प्रमाणात वस्तू आणि फिल्म यांच्यात फोकल लेंग्थच्या चौपट, म्हणजे १५० च्या लेन्सला साधारण ६०० मिलिमीटर अंतर असावे लागते. ते त्याहून कमी असेल, तर लेन्स कुठेही नेली तरी प्रतिमा स्पष्ट होणारच नाही. म्हणून लेन्सच्या चौकटीने फक्त आकार ठरवावा आणि फोकस मागची, दुधी काचेची चौकट सरकवून करावा. मागची चौकट पक्की असेल, तर वस्तू लहान फळीवर ठेवून ती फळी सरकवावी. अख्खा कॅमेरा तिपाईसकट हलवण्यापेक्षा हे कितीतरी सोपे जाते.

भाता ३०० मिलिमीटरपर्यंत ताणला जात नसेल, तर कमी फोकल लेंग्थची लेन्स लावावी. ती दूरच्या दृश्यात ४×५ चे कोपरे भरत नसली तरी चालेल, कारण एकास एक प्रमाणात तिचे प्रकाशवर्तुळ, म्हणजे ती प्रतिमेने भरते ते वर्तुळ, दुप्पट मोठे झालेले असते.

प्रश्न : सगळी शेंग स्पष्ट यावी म्हणून छिद्र एफ/६४ पर्यंत बारीक करावे का?

उत्तर : मोठे प्रिंट काढायचे असतील, तर नाही. एकास एक प्रमाणात एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ सारखे वागते आणि स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट येणारा भाग, जेमतेम नऊ मिलिमीटर मिळते. एफ/४५ ठेवले, तर ती साधारण दुप्पट होते खरी. पण ते एफ/९० सारखे वागते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो फाकल्यामुळे) प्रत्येक बिंदू एक दशांश मिलिमीटरहून मोठा पसरतो. शेंगेच्या सालीवरची बारीक लव त्यात हरवते. निगेटिव्हच्याच आकाराचे काँटॅक्ट प्रिंट काढणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली ढोबळी मिरची ८×१० इंची कॅमेऱ्याने टिपली, तेव्हा छिद्र अतिशय बारीक आणि एक्सपोजर तासांत मोजण्याइतके लांब होते, पण त्यांना ते निगेटिव्ह मोठे करायचे नव्हते.

वस्तू पान किंवा नाण्यासारखी सपाट असेल, तर छिद्राआधी लेन्स कलती करून पाहावी. फिल्म, लेन्स आणि वस्तू यांची प्रतले एका रेषेत मिळाली की उघड्या छिद्रालाही सगळे पान स्पष्ट दिसते. थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. त्यांनी त्याचे पेटंट १९०४ मध्ये घेतले, तर जूल कार्पांतिए यांनी १९०१ मध्येच तो मांडला होता. मागची चौकट कलती करूनही हे साधते, पण त्याने वस्तूचा आकार बिघडतो.

प्रश्न : टेसार लेन्स जवळच्या छायाचित्रांना चालेल का?

उत्तर : निम्म्या आकारापर्यंत निःशंक चालेल. १९०२ ची ही रचना दूरच्या दृश्यांसाठी जुळवलेली असल्याने एकास एकच्या पुढे कोपरे मऊ पडतात. तिथे ती उलटी बसवावी. १८९२ च्या डागोरसारखी सममित (पुढचा-मागचा भाग सारखा असलेली) लेन्स त्या अंतरावर अधिक चांगली, मात्र छिद्र बारीक केल्यावर तिचा फोकस सरकतो, तेव्हा ज्या छिद्राला छायाचित्र घ्यायचे त्यावरच काचेवर भिंग धरून फोकस पुन्हा तपासावा.