पहिलं चार्म ब्रेसलेट घेण्याआधी

किती चार्म (साखळीला लटकवलेल्या छोट्या शोभेच्या वस्तू) लटकलेत ते मोजत बसू नका, आधी एक चांगलं भिंग घ्या. सुरुवात जुन्या ब्रिटिश ब्रेसलेटपासून करा, कारण त्यांच्यावरचे धातूची शुद्धता सांगणारे शिक्के वाचता येतात. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात 925 भाग. जहाजाचा नांगर म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमला झालेली. शेजारच्या अक्षरावरून वर्ष कळतं. पण ब्रेसलेट बंद करणाऱ्या बदामाच्या आकाराच्या कुलपावरचं वर्ष सगळ्या चार्मना लावू नका, बायका वर्षानुवर्षं एकेक भर घालत असत. चिमुकल्या चार्मवर शिक्का नसला म्हणून तो खोटाही ठरत नाही, 7.78 ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या वस्तूवर ब्रिटनमध्ये शिक्क्याची सक्ती नाही.

चार्म ब्रेसलेटची ही ओढ कुठून आली ते पाहायचं तर व्हिक्टोरिया राणीचं ब्रेसलेट बघा. सोन्याच्या साखळीत मिनेकारीची नऊ बदामी लॉकेटं, नऊ मुलांची, आणि प्रत्येकात त्या मुलाचे केस. पहिलं लॉकेट 1840 मध्ये थोरलीच्या जन्मानंतर राणीचा नवरा अल्बर्टनं दिलेलं. मला तरी यापेक्षा हळवा दागिना माहीत नाही.

उघडणारे चार्म माझे सर्वांत लाडके. चर्चचं छप्पर उचललं की आत नवरा-नवरी! घेताना बिजागरी हळूच हलवून बघा.

आणि चार्म साखळीला जोडणारी प्रत्येक कडी सोनाराकडून झाळून घ्या. उघड्या कडीमुळे माझा एक चार्म प्रवासात पडला, तो आजवर सापडलेला नाही.