बॅन्फला आई आणि मुलांना घेऊन जावं का?

प्रश्न : ताई, जुलैमध्ये बहिणीकडे कॅनडात कॅलगरीला चाललोय. मुलं ७ आणि ११ वर्षांची, आईचे गुडघे दुखतात. बॅन्फ नॅशनल पार्क झेपेल का? आणि अस्वलांचं काय?

उत्तर : अहो बिनधास्त जा! कॅलगरीहून गाडीने दीडेक तास. पहिल्या दिवशी जॉन्स्टन कॅनियन, म्हणजे तिथली अरुंद खोल घळ, करा, खालचा धबधबा साधारण सव्वा किलोमीटरवर आहे, वाट बरीचशी कड्याला ठोकलेल्या लोखंडी पुलावरून जाते, खाली पाणी घुमत असतं, आणि शेवटी छोट्या बोगद्यातून वाकून गेलं की धबधबा एकदम तोंडासमोर, आमची धाकटी तिथे चिंब भिजली आणि हलायलाच तयार नव्हती, म्हणून सांगते, जुलै असला तरी जॅकेट घ्याच. वरचा धबधबा अडीच किलोमीटर, चढ आहे, आईंना नको.

मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही, शटलचं बुकिंग आधीच करून ठेवा. पाणी इतकं निळं दिसतं ते हिमनदीने दगड घासून केलेल्या पिठासारख्या भुकटीमुळे, मुलांना हे तिथे काठावर उभं राहून सांगा.

अस्वलांचं म्हणाल तर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, तिथेच घ्या, विमानात नेता येत नाही, आणि तो सॅकमध्ये नको, कमरेला हवा. अस्वलापासून १०० मीटर लांब राहायचं. वाटेत मोठ्याने बोलत चला, मुलांना पुढे पळू देऊ नका, आणि चिवड्याची पिशवी उघडी टाकून फोटो काढायला तर अजिबात जाऊ नका.