नाशिकला खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, सुई टोचण्यापासून कसं वाचायचं आणि टोचलीच तर काय?

ताई, पहिलं म्हणजे वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, कितीही घाई असू दे, बऱ्याचदा बोट तिथेच टोचतं. सुई हब कटरमध्ये कापायची नि पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात टाकायची, आणि डबा पाऊण भरला की सील. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबून कोंबणारे महाभाग प्रत्येक वॉर्डात असतात आणि भोगतात मात्र सफाईवाल्या मावशी.

तरी टोचलीच तर बोट पिळत बसू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट डेटॉलही नको. नळाखाली साबणाने धुवा, डोळ्यात रक्त उडालं तर नुसतं पाणी भरपूर. मग लगेच इन्चार्जना सांगून लेखी नोंद करा, पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी तपासणी करायला लावा, आणि सिव्हिलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) विचारा. पीईपीच्या (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या) गोळ्या शक्यतो २ तासात, फारतर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, पुढे २८ दिवस. नाइट ड्युटी आहे, सकाळी बघू असं अजिबात करू नका.

एचआयव्हीला सगळे घाबरतात, पण बाधित पेशंटची सुई टोचली तर धोका साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा ६ ते ३० टक्के! म्हणून ०, १, ६ महिन्यांचे तिन्ही डोस घ्या, नंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) बघा, १० mIU/ml च्या वर पाहिजे.